सुनेच्या सिद्धतेतलं भोक

सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा ताठा अजून नोकरीवरच होता. अर्थमिती, म्हणजे आकड्यांच्या गर्दीतून खरं कारण कोणतं आणि नुसता योगायोग कोणता हे हुडकण्याचं शास्त्र, त्यांनी हयातभर शिकवलं. पेपर पुष्कळ लिहिले, पण नाव झालं ते एकाच पेपरावर.

तो पेपर असा. शाळेत एक वर्ष जास्त शिकलं तर माणसाची कमाई किती वाढते? प्रश्न दिसतो सोपा, पण आहे फसवा. जो मुळात हुशार किंवा खात्यापित्या घरचा, तो शिकतोही जास्त आणि कमावतोही जास्त. मग श्रेय शाळेचं की घराचं? तरुणपणी सरांनी यातून वाट काढली. शाळा लांब असली की हुशार पोरही कमी शिकतं, म्हणून घरापासून शाळा किती लांब आहे याचा आधार घेऊन त्यांनी शाळेचा परिणाम वेगळा करून दाखवला. वर असंही एक सूत्र दिलं, की हा आधार लेचापेचा असला तरी निघालेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते मोजता यावं. ते सूत्र पुढे जगभर सरांच्या आडनावाने ओळखलं जाऊ लागलं. ज्याला त्याला ते हवं असायचं, कारण ते वापरलं की डळमळीत उत्तरही छाती काढून उभं राहायचं.

रोज सकाळी दात घासायच्या आधी सर लॅपटॉप उघडून बघत, आपल्या पेपराचा संदर्भ आज आणखी कुणी दिलाय का. सायटेशनचा आकडा वाढलेला दिसला की दिवस बरा जाई. नाही वाढला की चहात काहीतरी खोट निघे. त्यांची बायको आयुष्यभर नर्स होती आणि नाडी बघितल्यासारखी त्यांचा चेहरा बघून ओळखायची, आज काय वाढून ठेवलंय ते.

खालच्या मजल्यावर ही दोघं, वर मुलगा आणि सून. मुलगा दातांचा डॉक्टर. सून सरांचीच विद्यार्थिनी. शेवटची आणि सरांच्याच तोंडून ऐकायचं तर सगळ्यांत तल्लख. प्रबंधाची प्रकरणं दाखवायला घरी यायची, तेव्हा दार उघडायला नेमका मुलगाच असायचा. दार उघडता उघडता दोघांचं जमलं. लग्नानंतर तिने ‘सर’चं ‘बाबा’ केलं, आणि विभागात सरांचीच जुनी खोली तिला मिळाली तेव्हा सर चारचौघांत सांगत फिरले, की खुर्ची घरातच राहिली.

त्या वर्षी सायटेशनचा आकडा अचानक उसळला. आधी आठवड्याला एखाद-दुसरा संदर्भ यायचा, आता रोज दोन-तीन. सरांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

“बघितलंस का?” त्यांनी बायकोला हाक मारली. “म्हातारा अजून चालतोय.”

“कुणी लिहिलंय आणि काय लिहिलंय, ते वाचलंत का?” ती ब्रेडला लोणी लावत म्हणाली.

खरं तर वाचलं नव्हतं. सायटेशन मोजायचं असतं, वाचायचं नसतं, अशी त्यांची सवय. पण बायकोने विचारलं म्हणून त्यांनी एक पेपर उघडला. त्यात त्यांचं नाव होतं ते असं: ही पद्धत अजून प्रचारात असली तरी तिच्यावर विसंबणं धोक्याचं आहे. दुसरा उघडला. त्यात लिहिलं होतं, की या सूत्राने निघणारी खात्री खोटी असते, हे आता सिद्ध झालं आहे. तिसऱ्यात तर सरांचं नाव तळटीपेत, टाळायच्या गोष्टींच्या रांगेत. आणि तिन्ही ठिकाणी त्यांच्या नावाला चिकटून दुसरं एक नाव होतं. ज्याने हे सिद्ध केलं त्याचं. सुनेचं.

लोणी लावलेला ब्रेड तसाच राहिला. गुडघेदुखीमुळे सर महिनोन्‌महिने जिना चढत नसत. त्या दिवशी चढले.

सून कामाला निघायच्या घाईत होती. खांद्याला बॅग, हातात किल्ल्या.

“माझ्या घरात राहून माझंच थडगं बांधतेस?” सर दारातूनच म्हणाले.

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. काय झालं असेल ते तिला कळायला वेळ लागला नाही. “पेपर गेल्या वर्षीच नेटवर सगळ्यांसाठी टाकलाय. आता जर्नलने घेतलाय. मला वाटलं, तुमच्या नजरेला कधीच आला असेल.”

“मला आधी दाखवायला तुझं काय जात होतं?”

“दाखवला होता. दोनदा. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, तुझा प्रोग्रॅम चुकलाय, परत चालव. मी परत चालवला. दुसऱ्यांदा तुम्ही शेवटचं पान बघितलंत आणि म्हणालात, असले पेपर नोकरी नसलेल्या पोरांनी लिहावेत.”

सरांना ते आठवलं, आणि आठवलं म्हणून ते जास्तच भडकले. “मी तुला बोट धरून शिकवलं.”

“शिकवलंत म्हणूनच सापडलं.”

“उपकार आहेत तुझे.”

“मी उपकार केले नाहीत आणि अपकारही केले नाहीत, सर. आधार कच्चा असला की तुमचं सूत्र पक्कं उत्तर दिल्याचं सोंग आणतं. मी तेवढंच लिहिलंय.”

‘सर’ म्हणाली. बाबा नाही. आतल्या खोलीतून मुलगा शर्टाची बटणं लावत आला, दोघांकडे बघितलं आणि म्हणाला, “संध्याकाळी बसून बोलूया.” कुणीच बसलं नाही, कुणीच बोललं नाही. त्या संध्याकाळपासून वरचं जेवण वर आणि खालचं खाली.

जर्नलचा संपादक सरांचा जुना दोस्त. सरांनी त्याला फोन लावला आणि इकडचं तिकडचं न बोलता थेट मुद्द्यावर आले.

“तो पेपर थांबव.”

“कशासाठी?”

“कच्चा आहे. तुझ्या परीक्षकांनी डोळे मिटून वाचलाय.”

“हे बघ, आपली दोस्ती दोस्तीच्या जागी. चूक असेल तर लिहून दे. तुझ्या नावानिशी छापतो, त्याच अंकात तिचं उत्तरही छापतो. फोनवर मी पेपर मारत नाही.”

“बायकांना फार भाव द्यायला लागलास.”

“तू म्हातारा व्हायला लागलास,” संपादक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग सर कामाला लागले. इतकी वर्षं पेन्शनीत गंजलेलं डोकं रागाने लख्ख झालं. सुनेचा पेपर छापून काढला, समासात पेन्सिलीने खुणा करत एकेक ओळ चाळणीतून काढली. ती झोपेत सुद्धा चुकणार नाही अशा जागांवर सुद्धा त्यांनी तिला चुकताना पकडायचा प्रयत्न केला. दिवसच्या दिवस हाती काही लागेना. त्यांच्या मनात यायचं, कार्टीने काम चोख केलंय. आणि हे मनात आलं की ते दुप्पट जोराने पान उलटायचे. बायको चहा आणून ठेवायची, तो तसाच गार व्हायचा.

आणि एके सकाळी त्यांना भोक सापडलं. सिद्धतेच्या मधोमध सुनेने एक गोष्ट न सांगता गृहीत धरली होती: पाहणीतली माणसं निरनिराळ्या वस्त्यांत विखुरलेली आहेत, एकच वस्ती सगळ्यांवर भारी नाही. एखाद्या पाहणीत निम्मी माणसं एकाच मोठ्या शहरातली असली तर तिची सिद्धता तिथेच लंगडी पडत होती. सरांनी ते उलटसुलट तपासलं. भोक खरंच होतं. ते उठले, खिडकी उघडली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

“आज काय मिळालं?” बायकोने विचारलं.

“तिची शेपटी,” सर म्हणाले.

बायकोने ताट उचललं. “तुमच्या सुनेची शेपटी हातात धरून तुम्हाला काय करायचंय, ते एकदा मला सांगा.”

सरांनी टिपण लिहून संपादकाला धाडलं. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही, आणि इथेच त्यांनी ती गोष्ट केली जी करायला नको होती. सुनेच्या बढतीचा विषय त्या सुमाराला विभागात चालू होता. विभागप्रमुख हा पूर्वी सरांच्या हाताखाली होता आणि अजून त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेला बसायचा. त्याने सहज फोन केला, सरांची तब्येत विचारली, आणि जाता जाता विचारलं, “मॅडमच्या कामाबद्दल तुमचं मत काय, सर? आपलं आपल्यातच. त्यांच्या त्या पेपरचा फार बोलबाला आहे.”

त्याला नातं ठाऊक होतं. सासऱ्याने सुनेबद्दल बोलू नये, हेही दोघांना ठाऊक होतं. सरांनी म्हणायला हवं होतं, मला विचारू नकोस. ते म्हणाले, “बोलबाला आहे, पण सिद्धतेत भोक आहे. अंक येऊ दे, तुला कळेल. मी तुझ्या जागी असतो तर घाई केली नसती.”

विभागप्रमुखाने घाई केली नाही. बढती पुढे ढकलली गेली. कागदावर कारण दिलं, की कामाच्या दर्जाबाबत ज्येष्ठांकडून शंका आली आहे. ज्येष्ठ कोण, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

सून खाली आली ती दुपारी. सर कोचावर वर्तमानपत्र वाचत होते. ती बसली नाही.

“टिपणाबद्दल माझं काही म्हणणं नाही,” ती म्हणाली. “संपादकांनी मला पाठवलंय. तुमचा मुद्दा बरोबर आहे.”

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

“ते उजेडात केलंत. नावानिशी. तिथे तुम्ही मला फाडून खा, मी हूं की चूं करणार नाही. पण फोनवर माझ्या पाठीमागे माझ्या पोटावर पाय दिलात, ते का?”

“त्याने विचारलं, मी खरं ते सांगितलं.”

“अर्धं सांगितलंत. भोक बुजतं की नाही, ते बघितलंत का? सांगितलंत का त्याला, की बुजेल?”

“ते तुझं काम.”

“हो,” ती म्हणाली. “ते मी करीन.” आणि जाताना दाराशी थांबून एवढंच म्हणाली, “माझ्या आईवडिलांना मी सांगायचे, की मला सासरा मिळालेला नाही, गुरूच मिळालाय. आता काय सांगू ते मला कळत नाही.”

त्याच महिन्यात वरचा मजला रिकामा झाला. मुलाने दवाखान्याजवळ घर बघितलं. सामान उतरवणारी माणसं जिन्यात आदळआपट करत होती आणि सर आपल्या खोलीत दार लावून बसले होते. बायको मात्र खोकी बांधायला गेली, दिवसभर तिकडेच राहिली, आणि परत आल्यावर नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

थोड्या दिवसांनी सरांची दाढ ठणकू लागली. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं तर लोक विचारणार, मुलगा असताना इकडे कसे? मुकाट्याने मुलाकडे गेले. मुलाने खुर्ची मागे टेकवली, दिवा डोळ्यांवर आणला, तोंडात आरसा घातला आणि हिरडीत सुई टोचली. सरांचा अर्धा जबडा सुन्न झाला. मदतनीस बाईला मुलाने बाहेर पाठवलं.

“आता तोंड उघडं ठेवा आणि ऐका,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. “लहानपणापासून मी तुम्हाला आणि आईला सांभाळून घेत आलो. मग तुम्हाला आणि हिला. लोक म्हणतात, मुलगा समजूतदार. मी समजूतदार नाही, मी भित्रा आहे. तुमचा पारा चढला की मी खोली बदलायचो. यावेळी घर बदललं, एवढंच.”

सरांनी काही बोलायचा प्रयत्न केला. नुसता घशातून आवाज आला.

“हलू नका, लागेल. तिला तुमच्या पेपरमधली चूक सापडली तेव्हा ती दोन रात्री रडली. छापू नको, असं मीच तिला म्हणालो होतो. ती म्हणाली, ‘सरांनीच शिकवलंय, आकडा आपल्या माणसाची भीड धरत नाही.’ तुम्ही शिकवलंत ते तिने ऐकलं, बाबा. तुमचं ऐकणारी या घरात ती एकटीच होती.”

मग त्याने दाढ उपटली. बोळा दाबून धरायला सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं.

अंक आला. पहिल्यांदा सरांचं टिपण, त्याच्यापाठोपाठ तिचं उत्तर. टिपणात सरांनी हात राखून लिहिलं नव्हतं. ‘निष्काळजी’, ‘उतावीळ’, ‘अपुरी तयारी’ असे शब्द जागोजागी पेरले होते. छापून आलेले ते शब्द वाचताना त्यांना सुद्धा जरा ओशाळल्यासारखं झालं. तिचं उत्तर जेमतेम दीड पानाचं होतं. सुरुवातीलाच लिहिलं होतं: आक्षेप बरोबर आहे, आमच्या सिद्धतेत ही अट हवीच होती, ती दाखवून दिल्याबद्दल आम्ही प्राध्यापकांचे ऋणी आहोत. ही अट घातली की सिद्धता पुरी होते. ती पुढे दिली आहे.

सर पुढे वाचत गेले. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं, की आता प्रश्न राहतो तो एवढाच, की प्राध्यापकांच्या मूळ पाहणीला ही अट लागू पडते का. त्या पाहणीत माणसं लहान लहान वस्त्यांतून निवडलेली होती आणि एकही वस्ती इतरांवर भारी नव्हती. म्हणजे अट पुरेपूर लागू पडते. तिथे नव्या रीतीने हिशेब केला, तर उत्तराची हद्द इतकी रुंदावते, की शून्यही त्यात बसतं. शाळेने कमाई वाढते की नाही, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

सरांनी अंक मांडीवर ठेवला. लहान वस्त्यांतून माणसं निवडायची, हा त्यांचाच हट्ट होता. तरुणपणी पायपीट करून त्यांनी ती पाहणी केली होती, मोठ्या शहराला मुद्दाम फाटा दिला होता, आणि जन्मभर त्याच गोष्टीची फुशारकी मारली होती. ते जुने कागद संगणकात चढवण्याचं काम त्यांनीच तिला दिलं होतं, ती विद्यार्थिनी होती तेव्हा. आक्षेप लिहिताना जगातल्या सगळ्या पाहण्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, फक्त स्वतःची नव्हती. तिची सिद्धता जिथे उघडी होती तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने टाका घातला होता, आणि तो टाका घट्ट बसला होता तो त्यांच्याच गळ्याभोवती.

त्यानंतर सायटेशन आणखी वाढलं. आता लोक मूळ पेपरही सांगायचे, तिचा पेपरही सांगायचे, आणि सरांचं टिपणही सांगायचे. एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून अभिनंदन केलं. या वयात इतका गाजणारा माणूस मी दुसरा बघितला नाही, म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू सरांना ऐकू आलं.

एक दिवस ते विभागात गेले. विभागप्रमुखाला भेटून आपण बोललो ते मागे घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं. मागे कसं घ्यायचं, ते ठरत नव्हतं. तासाची घंटा नुकतीच होऊन गेली होती. व्हरांड्यात सून समोरून आली, हातात खडूची पेटी आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. दोघांना एकमेकांना टाळता आलं नाही.

“साहेबांकडे निघालात?” तिने विचारलं.

“हो.”

“माझ्याबद्दल बोलायला असेल तर बोलू नका.”

“मी चुकीचं बोललो होतो. तेवढं दुरुस्त करतो.”

“नको. सासऱ्याने अडवलं आणि सासऱ्यानेच सोडलं, असं व्हायला नको. मी परत अर्ज करीन. मिळेल तेव्हा मिळेल.”

सर परत फिरले. पण त्यांच्याने राहवलं नाही. “ती अट तुझ्या नजरेतून कशी सुटली?”

“सुटली,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय कुणाला दिसलीही नसती. पण राग आल्याशिवाय तुम्ही माझा पेपर वाचलाच नसतात, सर.” आणि ती वर्गाकडे निघून गेली.

सर विभागप्रमुखाकडे न जाता घरी परतले. बढती तिला पुढल्या वर्षी मिळाली. सरांना ते बायकोकडून कळलं, आणि तेही ती फोनवर बहिणीला सांगत होती म्हणून.

बायको दर रविवारी मुलाकडे जायची. सर जात नसत. एका रविवारी मात्र ते गाडीत येऊन बसले. बायकोने काही विचारलं नाही. मुलाच्या इमारतीखाली गाडी लागली, ती वर गेली, आणि सर गाडीतच बसून राहिले. त्यांच्याजवळ सुनेचा नवा पेपर होता, नेटवरून छापून घेतलेला. पेन्सील काढून ते वाचू लागले. ऊन गाडीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकलं. मधल्या एका समीकरणात त्यांना उणे चिन्हाच्या जागी अधिक दिसलं. त्यांनी तीनदा तपासलं. मग त्याभोवती गोल केला, गाडीतून उतरले, आणि कठड्याला धरून जिना चढले.

दार सुनेनेच उघडलं. आतून बायकोच्या आणि मुलाच्या हसण्याचा आवाज येत होता, तो थांबला. सरांनी कागद पुढे केला.

तिने उभ्या उभ्या बघितलं. ओठ हलवत एक ओळ वर गेली, दोन ओळी खाली आली.

“हो. चुकलंय,” ती म्हणाली. “छापायच्या आधी दुरुस्त करते.”

“कुणाला सांगितलेलं नाही मी,” सर म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ती ठरवत होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

“बरं,” ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिने तो आपल्याकडे ठेवला. आत या, म्हणाली नाही. सरांनीही वाट बघितली नाही. ते जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या उतरल्यावर मागे दार हळूच लागल्याचा आवाज आला, आणि गुडघा धरत, एकेक पायरी करत ते खाली गेले.